आखूड पायांची खुर्ची

८ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

वसतिगृहाचा लांब व्हरांडा तुला आठवतो का? शनिवारी सकाळी त्याला मेण लावायचं काम आपल्या दोघींकडे असायचं. मी गुडघ्यांवर बसून मेण फासत जायची आणि तू जुन्या घोंगडीच्या तुकड्यावर मांडी घालून बसायचीस. मग तुझे दोन्ही हात धरून मी तुला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची. फरशी चकचकीत व्हायची आणि तुझा फ्रॉक मागून काळाकुट्ट. कोपऱ्यावर मी मुद्दाम झटका द्यायची, तू गरगर फिरायचीस, आणि चष्मेवाल्या सिस्टर लांबून ओरडायच्या, "मुलींनो, हे पॉलिश चाललंय की सर्कस?" तेव्हापासून तू भिंगरी झालीस. त्या सकाळींत खास असं काही नव्हतं. शनिवार असायचा, एवढंच. पण परवा मेणाचा डबा उघडला, तो वास नाकात गेला आणि मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

डबा उघडला तुझ्या लेकीच्या फ्लॅटमध्ये. आता हे पत्र बाजूला टाकू नकोस, पुढे वाच. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. फोन कापता येतो, पण हाताने लिहिलेलं पाकीट फाडण्याआधी माणूस निदान उघडून बघतो.

इथे तिच्याबरोबर एक मुलगी राहते. फिजिओथेरपी शिकते, अंगाने दणकट, तिला सगळे पैलवान म्हणतात, तीही स्वतःला पैलवानच म्हणवते. तिचा मला फोन आला. "काकू, तुम्ही कोण ते मला माहीत नाही. तिच्या फोनमध्ये नुसतं 'मावशी' लिहिलंय. तुम्ही या. मी हिला उचलू शकते, पण उठवू शकत नाहीये."

आले तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. केसांचा गुंता झालेला. कॉलेज कधीपासून बंद आहे ते तिलाच सांगता येत नाही. आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, गं. मी हाक मारली तर म्हणाली, "आलीस होय," आणि पुन्हा डोळे मिटले. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की हिच्याजवळ सतत घरचं कुणीतरी हवं, एकटीला सोडायचं नाही.

मी आहे. पण मी पुरणार नाही. तिला तू हवी आहेस.

तू म्हणाली होतीस की मी तिला तुझ्याविरुद्ध फितवलं. मी कुणाला फितवलं नाही. भाऊजी गेले, तू घर विकलंस, सामान विकलंस आणि इतक्या लांबच्या देशात जाऊन दुसऱ्यांचे कपडे दुरुस्त करायला बसलीस. मला ते समजलं होतं. त्या घरातली एकेक वस्तू तुला चावत होती. तिला नाही समजलं. ती तुला तोंडावर म्हणाली, "तू बाबांना भंगारात काढलंस," आणि त्यानंतर तुम्ही दोघी गप्प. मी मध्ये उभी राहिले तर तुला वाटलं मी तिच्या बाजूची.

ये. एवढंच मागणं आहे.

अक्षर वाकडं आलंय. टेबल डगमगतं इथलं.

तुझी
ताई

२१ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं काही आलं नाही. हरकत नाही, मी लिहीत राहणार.

नुसतं तिच्या उशाशी बसून तिचा श्वास ऐकत राहिले असते तर मला वेड लागलं असतं. म्हणून हाताला काम शोधलं. या मुलींचं फर्निचर तू बघायला हवंस. सगळं जुन्या बाजारातलं आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एक गोल टेबल, वर काळा डाग. एक उंच कपाट, त्याच्या आरशाला देवी आल्यासारखे ठिपके. काच नसलेली पुस्तकांची मांडणी. आणि एक बुटकी खुर्ची, तिला कुणीतरी पोपटी ऑइलपेंट फासलेला. वेगवेगळ्या लग्नांतल्या पाहुण्यांना एकाच फोटोत उभं केल्यासारखं दिसतं सगळं.

सामान लावायची तऱ्हा तर त्याहून विचित्र. कपाट अर्ध्या खिडकीवर, टेबल भिंतीपासून सुटं, कोपऱ्यात तिरकं. मी कपाट सरकवून खिडकी मोकळी केली. बाजारातून परत येते तो कपाट पुन्हा खिडकीवर! पैलवान शपथेवर सांगते की तिने हात लावला नाही. म्हणजे तुझी लेक उठली होती. मी नाही हे बघून उठली आणि ते एवढं धूड एकटीने ढकललं. मला चिडायला हवं होतं, पण मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी ते परत सरकवलं, ती उठावी म्हणून. तिनेही परत नेलं. आता मी ते तिथेच ठेवलंय.

मी सगळ्याला रंग द्यायला घेतला. आधी सँडपेपरने घासायचं, मग भेगांत पुट्टी भरायची, ती वाळली की पुन्हा घासायचं, मग रंगाचे दोन हात. पैलवान वस्तू उचलून धरते आणि तोंड चालवते. "काकू, हा कोणता रंग?"

"क्रीम. आमच्या वसतिगृहात सगळं क्रीम होतं. पलंग, कपाटं, खिडक्या. मन शांत राहतं."

"आमच्या हॉस्पिटलातही सगळं क्रीमच असतं. तिथे कुणाचं मन शांत असतं?"

हसते मी तिच्याबरोबर. पण खरंच सांगते, सगळं एका रंगाचं झालं की मला वाटतं, आता काही बिघडणार नाही.

त्या बुटक्या खुर्चीची गंमत ऐक. तिचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा चांगली दोन बोटं आखूड. बसलं की माणूस पुढे घसरतो. कुठल्या अडाणी सुताराने बनवली कोण जाणे. मी करवत मागून आणली, पैलवानला खुर्चीवर वजन टाकायला लावलं आणि मागचे पाय पुढच्यांएवढे कापले. एकदम सपाट! मला इतका अभिमान वाटला की तू असतीस तर तुला हाक मारून दाखवली असती. कापलेले तुकडे टाकवेनात, सिस्टरांनी आपल्याला पेन्सिलीचं टोकसुद्धा टाकू दिलं नव्हतं. एक तुकडा कपाटाखाली पाचर म्हणून ठोकला, त्याचं दार आपोआप उघडायचं ते थांबलं. दुसरा चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवलाय. मग पोपटी रंगावर क्रीमचे दोन हात दिले.

खुर्ची वाळायला ठेवली होती तेव्हा तुझी लेक पाणी प्यायला बाहेर आली. खुर्चीकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "बघ राणी, कशी नवी दिसते!" ती म्हणाली, "हो, छान." आत गेली, आणि त्या दिवशी तिने अन्नाला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझं काय चुकलं ते मला कळत नाही. मी हात टेकलेत, भिंगरी. डोळ्यांसमोर पोर मालवत चाललीय आणि मी लाकूड रंगवत बसलेय.

टेबलाचा पाय मात्र नीट झाला. आता डगमगत नाही.

ताई

४ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझा मेसेज आला. इतक्या दिवसांनी एक ओळ: "मूर्ख. पुढचे पाय मुद्दाम आखूड होते."

मला मूर्ख म्हणणारी तू या जगात एकटीच उरली आहेस. मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. मग बाकीचं वाक्य डोक्यात शिरलं आणि हातातला कप टेबलावर आपटला.

आईची शिवणाची खुर्ची. मला ती ठाऊक आहे ती उंच, तपकिरी, लग्नाआधीची. तू म्हणायचीस, आईची पाठ दुखायला लागली तेव्हा तिने पुढचे पाय कापून घेतले, मशीनवर वाकताना खुर्चीनेच पुढे ढकलावं म्हणून. मी तेव्हा सासरी, लांब. कापलेली खुर्ची मी पाहिलीच नव्हती. आणि भाऊजी गेले तेव्हा तुझ्या घरी आले, तर सगळं सामान भिंतीला लावून वर चादरी टाकलेल्या.

मी पत्रा घेऊन रंग खरवडायला बसले. क्रीमखाली पोपटी, पोपटीखाली एक विटकरी, त्याखाली तपकिरी पॉलिश. आणि पाठीच्या उजव्या कडेला भोकं. बारीक, शेकड्याने. आई ओठांत टाचण्या धरायची, आणि आपण हाक मारली की बोलण्याआधी त्या खुर्चीच्या कडेला टोचायची. आठवतं? लाकूड उंदराने कुरतडल्यासारखं झालं होतं. मी त्या भोकांवरून बोट फिरवलं आणि पोरीच्या खोलीत गेले.

"ही कुठे मिळाली तुला?"

"दुकानात."

"ही आजीची आहे."

"आईची," ती म्हणाली. भिंतीकडेच तोंड. "आजीची आधी होती."

"आणि ते कपाट?"

"बाबांचं. आरशाचे डाग आधीपासूनच आहेत, ते पुसू नकोस."

"टेबल?"

"तू जेवली आहेस त्यावर, मावशी. वर टेबलक्लॉथ असायचा म्हणून ओळखलं नाहीस. तो डाग आईच्या इस्त्रीचा."

भिंगरी, तिने तुझं घर परत गोळा केलंय. ज्यांनी ज्यांनी तुझं सामान उचललं होतं त्या जुन्या बाजारातल्या सगळ्यांकडे ती फिरली. कॉलेज सोडून हेच करत होती. जे सापडलं ते इथे आणून, तुमच्या घरात जसं होतं तसं मांडलं. कपाट खिडकीवर नाही, ते तुमच्या झोपायच्या खोलीतल्या भिंतीवर आहे. इथे नेमकी त्या जागी खिडकी आली, त्याला ती काय करणार? टेबल तिरकं, कारण तुमच्या स्वयंपाकघराचा कोपराच तिरका होता. तिच्या पलंगापाशी भिंतीवर एक नकाशा चिकटवलाय, तो मी कॉलेजचा अभ्यास समजत होते. तुझं घर आहे ते. मोजूनमापून काढलेलं.

मी म्हटलं, "अगं मग मी रंग फासत होते, करवत चालवत होते, तेव्हा बोलायचं तरी!"

ती म्हणाली, "तू इतकी खूश होतीस."

आणि थोड्या वेळाने, "काढून टाकताना आईनेही विचारलं नव्हतं."

हे मी तुला टोचायला लिहीत नाही. तू तुझ्या जागी बरोबर होतीस, आजही मला तसंच वाटतं. पण जी मुलगी आईचं नाव काढत नाही ती आईची खुर्ची शोधत दुकानं पालथी घालते, याचा अर्थ तुला सांगायला हवा का?

ये. तू ओळखलीस ना ती, माझ्या चार ओळींवरून, इतक्या लांबून? मग ये.

ताई

१७ ऑक्टोबर

भिंगरी,

अक्षर आज आणखी वाकडं आलंय, नीट वाच.

काल दुपारी ती घरातून गेली. मी न्हाणीघरात होते, पैलवान कॉलेजला. बाहेर येते तो दार उघडं. फोन उशीपाशी, चपला दारात. मी आधी गोळ्यांची बाटली बघितली. आई असून तुला हे कधी बघावं लागू नये, भिंगरी. ड्रॉवर उघडताना हात पुढे जाईना. बाटली जागेवर होती. मग मी तशीच रस्त्यावर धावले.

प्रत्येक दुकानात विचारलं. केमिस्टला विचारलं, बसस्टॉपवरच्या बायकांना विचारलं, "अनवाणी एक मुलगी गेली का इथून?" लोक माझ्याकडेच बघत होते, कारण मी ओल्या केसांनी, हातात एका पायातली चप्पल. दुसरी पुलापाशी राहिली. तिथे उजवा पाय वळला आणि मी पडले. गुडघा फुटला आहे, विशेष नाही. पुलाच्या कठड्यावरून मी खाली पाण्याकडे बघितलं. मी काय शोधत होते ते इथे लिहिणार नाही.

मग आठवलं, जुन्या फर्निचरचं दुकान, तिने खुर्ची जिथून आणली ते. तिथेच होती. दुकानाच्या मागच्या भागात, दोन कपाटांच्या मध्ये मोकळ्या फरशीवर मांडी घालून बसलेली. दुकानदार कमरेवर हात ठेवून उभा होता.

"तुमची का ही? घेऊन जा बाई. मी दुकान चालवतो, म्युझियम नाही."

"काय झालं?"

"एक सोफा होता इथे. आधी रोज यायची, तासन्‌तास बसायची त्यावर. घे म्हटलं तर नको, जागा नाही म्हणायची. मध्ये यायची बंद झाली. आता मी कुणासाठी ठेवू? गेल्या आठवड्यात विकला. मला काय ठाऊक, हिच्या बापाचा सोफा होता ते!" आवाज चढवून बोलत होता, पण बोलता बोलता त्याने माझ्यासाठी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. "कुणाला विकला ते माहीत असतं तर मी स्वतः जाऊन आणला असता. ट्रक आला, टाकला, गेला."

भाऊजी शेवटी शेवटी दिवसभर त्या सोफ्यावर असायचे ना? ती शाळेतून आली की त्यांच्या पायांशी बसायची, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस.

मी तिच्याजवळ फरशीवर बसले. ती म्हणाली, "मावशी, आता ते पूर्ण होणार नाही. सोफा गेला. आता मी हे सगळं कशासाठी ठेवलंय?" रडली नाही. रडली असती तर मला जमलं असतं काहीतरी.

'सगळं' म्हणजे नुसतं फर्निचर नव्हतं ते, मला कळलं.

सोफा मी आणू शकत नाही. तू येऊ शकतेस.

ताई

२६ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस वसतिगृहात दरवर्षी मला मिळायचं आणि तू चिडून शाईची दौत लपवायचीस. तुझी नजर पक्की आहे, तुझ्या ध्यानात आलं असेल. टेबल कधीचं नीट झालंय. अक्षर झालेलं नाही.

डोक्यात गाठ आहे. लहान आहे, पण जागा वाईट, असं डॉक्टर म्हणतात. उजव्या बाजूचे हातपाय मधूनच ऐकत नाहीत, आणि ब्रश सरळ ओढला तरी तिरका जातो. खुर्चीचे मागचे पाय मी एकसारखे कापलेत असं मला वाटत होतं. पैलवानने मला मागाहून सांगितलं की एक जास्त कापला गेलाय. तिने तेव्हाच ओळखलं, मला बसवून माझे हातपाय तपासले आणि तिच्या सरांकडे नेलं. दांडगट आहे पोरगी, पण सोनं आहे. बिचारी घरातल्या दोन्ही रोग्यांची गुपितं सांभाळते.

अकरा नोव्हेंबरला ऑपरेशन. पुढे ढकलता येत नाही. मी विचारून बघितलं.

मी घाबरले आहे. शुद्धीवर येईन तेव्हा बोलता येईल की नाही, माणसं ओळखू येतील की नाही, हे ते आत्ता सांगू शकत नाहीत. आणि ती अजून एकटी राहण्यासारखी नाही. तिला मी काहीच सांगितलेलं नाही. कसं सांगू? जी मुलगी एका सोफ्यासाठी फरशीवर बसते, तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की मावशीही चालली?

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. परवा मी खुर्चीचा उरलेला रंग खरवडत होते, माझ्या हातातून पत्रा निसटला. ती दारात उभी होती. आत आली, पत्रा उचलला आणि घासायला लागली. टाचण्यांच्या भोकांत रंग गेला होता, तो सुईने उकरून काढला तिने, एकेक. मी शेजारी दूध-पाव ठेवला, तिने घासता घासता खाल्ला, बघितलंही नाही काय खातेय ते. आता रोज थोडं घासते. थोडं खाते. मेण लावायला मी शिकवलं, गोल गोल नाही, लाकडाच्या रेषेने. तिला व्हरांड्याची गोष्ट सांगितली. "आई घोंगडीवर बसायची?" तिने विचारलं, आणि ओठ हलले. हसली असं म्हणणार नाही मी. पण हलले.

पायांचे तुकडे पुन्हा लावू म्हटलं तर मात्र तिने खुर्ची माझ्या हातातून ओढून घेतली. "तू नको. तुझं नेहमी वाकडं होतं." खरंच आहे. "मग कोण लावणार?" तर ती पुन्हा सुईने भोकं उकरायला लागली.

मी तुला आजवर विनवत आले, आता भांडते. माझ्यावर रागव, तिच्यावर रागव, मेलेल्या माणसावर रागव. पण इथे येऊन रागव. तिथे बसून दुसऱ्यांच्या पँटी आखूड करतेस आणि इथे तुझी पोर तुझ्या आईच्या खुर्चीतून रंग उकरतेय. मला आणखी पत्रं लिहिता येणार नाहीत. हा हात संपत आलाय. कुठल्या देवाला, कुठल्या सिस्टरला सांगू सांग. गुडघ्यांवर बसून मागायला मला शिकवलंय त्यांनी, पण गुडघा फुटलाय.

भिंगरी. ये गं.

तुझी
ताई

१० नोव्हेंबर

भिंगरी,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. टेबलावर, इस्त्रीच्या डागावर ठेवलंय. तू दार उघडून आत येशील तेव्हा मी हॉस्पिटलात असेन, कदाचित शुद्धीत, कदाचित झोपेत. तुझं विमान परवा, माझं ऑपरेशन उद्या. आपल्या दोघींची वेळ कधी जुळली नाही, वसतिगृहातल्या आंघोळीच्या नंबरापासून.

तुझा मेसेज मी पैलवानकडून मोठ्याने वाचून घेतला, माझ्या डोळ्यांवर आता विश्वास नाही म्हणून. "येतेय. कशालाही गोंद लावू नका." पैलवान म्हणाली, "काकू, तुमची बहीण मेसेज करते की नोटीस?" पण तुझी लेक उठून बसली. तिने फोन घेतला, वाचला, परत दिला. मग विचारलं, "कधी?" एवढंच. त्या संध्याकाळी तिने स्वतःचे केस विंचरले.

तिला माझं सांगितलं. सांगावंच लागलं, हॉस्पिटलची पिशवी भरताना तिला दिसलंच असतं. मला वाटलं होतं ती पुन्हा भिंतीकडे वळेल. ती कपाटापाशी गेली, माझे कपडे काढले आणि घडी घालून पिशवीत ठेवायला लागली. माझी चूक काढली, "हा गाऊन नको, याला बटणं आहेत, पुढून बांधायचा घे." तू आजारी भाऊजींची पिशवी भरायचीस तसंच. ती चांगली झाली असं तुला वाटेल. झालेली नाही. रात्री हुंदके ऐकू येतात. पण हुंदके येतात आता, हे मी मोठं मानते.

आता नीट वाच, कारण हे तुलाच करायचं आहे.

क्रीम रंगाचा उरलेला डबा आणि सगळे ब्रश पैलवानला दे. तिला हॉस्पिटलच्या रंगाची खोली नकोय, पण तिने मागितलेत. तिच्या बाबतीत काही विचारू नको. माझी लोकरीची शाल तिलाच. ती रात्री अभ्यासाला बसते तेव्हा तिला थंडी वाजते, आणि कबूल करत नाही.

आईच्या कुड्या माझ्या पर्समध्ये, रुमालात आहेत. त्या पोरीच्या. आज देऊ नको. कॉलेजला परत जाईल त्या दिवशी दे, मग तो दिवस कधीही येवो.

जुन्या फर्निचरवाल्याला मी स्वयंपाकघरातलं स्टूल द्यायचं कबूल केलंय. रंगवलेल्यांपैकी तेवढंच एक तुमच्या घरचं नव्हतं. त्या दिवशी त्याने मला बसायला स्टूल दिलं होतं, म्हणून. तुला त्याला काही बोलायचं असेल तर बोल, पण सोफ्याबद्दल ओरडू नकोस. तो अजून शोधतोय.

हस्ताक्षराच्या बक्षिसाचं पेन तुला. दौत लपवायची गरज नाही आता.

या फ्लॅटची माझ्याकडची किल्ली आता तुझ्याकडे असू दे. मी परत आले आणि तुला ओळखलं नाही, तर मला मूर्ख म्हण. त्या हाकेला मी वळेन असं मला वाटतं.

आणि ते दोन तुकडे. एक चहाच्या डब्यात होता. दुसरा कपाटाखालची पाचर होती, ती मी काढून घेतलीय. त्यामुळे दार पुन्हा उघडं राहतं, राहू दे. दोन्ही तुकडे या पत्राशेजारीच आहेत, डावा-उजवा पेन्सिलीने लिहिलंय. एक जास्त जाड आहे, माझ्या हाताचा दोष, पण जिथून निघाला तिथे बरोबर बसेल. गोंद खिडकीत आहे. दुकानदार म्हणाला, वर क्लॅम्प लावा, रात्रभर आवळून ठेवा. त्याने दोन क्लॅम्प आणूनही दिले. ते मी त्याला परत केलेत.

पोर बहुधा दाराजवळच बसलेली असेल. तिला कशी आहेस विचारू नकोस. जवळ घेऊ नकोस लगेच. खुर्ची उलटी कर, गोंद लाव, तुकडा बसव, आणि तिला म्हण, "इथे धर गं जरा." तू डावा धर, तिला उजवा दे. हा गोंद लवकर वाळत नाही, आणि वाळेपर्यंत दोघींपैकी कुणालाच हात काढता येणार नाही.

ताई